देवमासा कीं सैतान?

समुद्रापासून शेंकडों मैल दूर, पिंपळगाव राजासारख्या वऱ्हाडी गांवीं बसून आम्ही देवमाशाविषयीं लिहावें, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु या इतिहासांतला बोध समुद्रकांठापुरता नाहीं.

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांत करडे देवमासे हिंवाळ्यांत वीण घालण्यास येतात. १८५७-५८ च्या हिंवाळ्यांत कप्तान चार्लस स्कॅमन यानें तेथें त्यांची शिकार केली. पिलांच्या रक्षणार्थ माद्या होड्यांवर चवताळून येत. म्हणून शिकाऱ्यांनीं या जातीस ‘सैतान मासा’ म्हटलें. आपल्या भाषेनें ज्याला देव म्हटलें, त्याला वात्सल्याच्या अपराधाबद्दल सैतान ठरविलें गेलें! जात नामशेष होण्याच्या बेतास आली, तेव्हां कोठें शिकार थांबली.

पुढें १९७२ सालीं सान इग्नासिओच्या खाडींत पाचिको मायोरल नांवाच्या कोळ्याच्या होडीलगत असाच एक देवमासा आला, आणि त्यानें भीत भीत त्याला स्पर्श केला. आज तेथें वाटाडे प्रवाशांना होडींतून नेतात. कित्येकदां मादी पिलासह आपण होऊन होडीजवळ येते.

आमच्या कोंकणांतहि तारकर्लीस देवमाशाच्याच कुळांतले डॉल्फिन पाहावयास होड्या निघतात. यंत्रें धडधडवीत त्यांच्या मागें धांवणें हा पाठलाग होय, दर्शन नव्हे. देवाचें दर्शन घ्यावयाचें तर थांबावें लागतें.