जड दगड आधी पडतो?

वर्गात आपण विचारतो, जड दगड आधी पडेल की हलका? अनेक मुले म्हणतात, "जड." त्यांना हसू नये, ॲरिस्टॉटलचेही हेच मत होते आणि ते शतकानुशतके शिकवले गेले.

१६३८ साली छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओने विचारले, दोन्ही दगड एकत्र बांधले तर? हलका दगड जड दगडाला मागे खेचेल, म्हणजे वेग घटेल. पण जोडी तर जड दगडाहूनही जड. म्हणजे वेग वाढायला हवा! सुटका एकच : हवेचा अडथळा नसेल तर दोन्ही सारख्याच वेगाने पडतात.

१९७१ साली डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही एकदमच टेकले.

उत्तर सांगण्याआधी हा पेच मुलांपुढे ठेवू या.