अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि हवेतील बाष्प : दवबिंदूच्या संदर्भात एक विचार

अजिंठा लेण्यांच्या जतनाचा इतिहास प्रायः शोध, प्रतिकृती आणि डागडुजी या क्रमाने लिहिला जातो. 1819 मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे रॉबर्ट गिल व जॉन ग्रिफिथ्स यांनी चित्रांच्या प्रतिकृती केल्या. 1920 नंतर निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आदी इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. या कथनात हवेतील बाष्पाला मात्र दुय्यम स्थान मिळाले. वास्तविक मातीच्या गिलाव्यावर रंगविलेल्या या चित्रांचे आयुष्य बव्हंशी त्यावरच अवलंबून आहे.

योगायोग असा की, स्मिथच्या भेटीनंतर एकाच वर्षाने, 1820 मध्ये, इंग्रज शास्त्रज्ञ डॅनिएल याने दवबिंदू मोजणारे उपकरण सिद्ध केले. काचेच्या गोळ्यातील ईथरचे बाष्पीभवन होऊन गोळा थंड होतो आणि त्याच्या बाह्य पृष्ठभागावर दव जमू लागते. त्या क्षणीचे तापमान म्हणजे दवबिंदू. पुढे ओल्या व कोरड्या तापमापकांची जोडी अधिक रूढ झाली. ओल्या फडक्यातील पाणी वाळताना उष्णता शोषते. दोन पाऱ्यांतील अंतर जितके जास्त, तितकी हवा कोरडी. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उन्हाळ्याच्या दुपारी दुकानादुकानांतून चालणारे कूलर याच तत्त्वावर गारवा देतात आणि पावसाळ्यात तेच निरुपयोगी ठरतात.

सापेक्ष आर्द्रतेचा नुसता आकडा येथे दिशाभूल करू शकतो. 40 अंश सेल्सिअस तापमान व 20 टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे 13 अंश असतो. लेण्याची भिंत इतकी थंड होणे संभवत नाही. याउलट 27 अंश व 90 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे 25 अंशांवर पोचतो. भिंत त्याहून किंचितही थंड असेल, तर तिच्यावर सांद्रीभवन अटळ आहे. त्यात माणसाच्या श्वासातून व त्वचेतून बाहेर पडणारे बाष्प मिळते. विश्रांत अवस्थेतही प्रौढ व्यक्ती तासाला अदमासे 40 ते 50 ग्रॅम बाष्प हवेत सोडते. म्हणजे चाळीस जणांमागे ताशी जवळपास दोन किलो. एप्रिलमधील चाळीस पर्यटक आणि जुलैमधील चाळीस पर्यटक भिंतीच्या दृष्टीने सारखे नाहीत.

माती ओलाव्याने फुगते, वाळताना आकसते. हे चक्र वारंवार घडल्यास गिलावा खडकापासून सुटतो. तो एकदा गळाला की चित्र परत येत नाही. प्रतिकृतींचीही शाश्वती नाही, गिलची बहुतेक चित्रे 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाली. रंग उजळावेत म्हणून चित्रांवर वेळोवेळी चढविलेल्या वार्निशाने प्रश्न अधिकच बिकट केला. वार्निश कालांतराने पिवळे पडले, हा दोष डोळ्यांना दिसतो. परंतु त्या थरामुळे भिंतीतील ओलावा बाहेर पडण्याची वाटही अडते, हा दोष दिसत नाही आणि म्हणूनच अधिक गंभीर मानावा लागेल.

फ्रान्समधील लास्को गुहा पर्यटकांच्या श्वासामुळे 1963 मध्ये बंद करावी लागली. अजिंठा खुला आहे. येथे खाजगी वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवर थांबविली जातात आणि आत एकावेळी मर्यादित संख्येनेच प्रवेश दिला जातो. ही मर्यादा बाराही महिने एकच का असावी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याच्या उत्तरासाठी हवेच्या आर्द्रतेबरोबर भिंतीचे तापमानही, त्याच जागी आणि त्याच वेळी, नोंदवावे लागेल.