केळापूर तालुक्यातील शेतजमिनीचा औद्योगिक वापर : परवानगीच्या कायद्याचा इतिहास

प्रस्तावना

शेतजमिनीवर उद्योग उभारावयाचा झाल्यास त्या जमिनीचा वापर कागदोपत्री बदलावा लागतो. ही गोष्ट सर्वसाधारणपणे तांत्रिक व कार्यालयीन स्वरूपाची समजली जाते. तलाठ्याचा अहवाल, नकाशा, आकारणी, सनद आणि सात-बारावरील नोंद एवढ्या पायऱ्या पूर्ण झाल्या की जमीन 'अकृषिक' होते. परंतु ज्या तालुक्यात खातेदारांचा मोठा वर्ग गोंड, कोलाम, परधान अशा आदिवासी जमातींचा आहे, तेथे वापरातील बदल केवळ वापरापुरता मर्यादित राहत नाही. तो मालकीच्या प्रश्नाशी जाऊन भिडतो. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका हे याचे बोलके उदाहरण होय.

तालुक्यास नाव केळापूरचे, परंतु मुख्यालय पांढरकवडा येथे आहे. नागपूर-हैदराबाद हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ (आताचा क्रमांक ४४) पांढरकवड्यावरून पाटणबोरीमार्गे पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जातो. काळी जमीन, कापसाचे पीक, महामार्ग आणि आदिवासी वस्ती या चार गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत. प्रस्तुत लेखात पुढील उद्दिष्टे समोर ठेवली आहेत.

१) वऱ्हाडातील जमीनधारणेच्या पार्श्वभूमीवर शेतजमिनीच्या औद्योगिक वापराचा आरंभ पाहणे.
२) अकृषिक परवानगीविषयक कायद्यात झालेल्या स्थित्यंतरांचा मागोवा घेणे.
३) आदिवासी खातेदाराच्या दृष्टीने या स्थित्यंतरांचा अर्थ तपासणे.

जमिनीची आकारणी आणि तिचा वापर

इ. स. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ पासून तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी व जमाबंदी सुरू झाली. प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र आणि मातीच्या प्रतवारीनुसार सारा ठरला. या पद्धतीचे एक गृहीत असे की सारा हा शेतीच्या उत्पन्नावर आकारलेला आहे. म्हणून शेताचा उपयोग अन्य कामासाठी झाला तर सरकारला वेगळी आकारणी करण्याचा हक्क पोहोचतो. मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९ च्या कलम ६५ मध्ये जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीची तरतूद आली ती याच विचारातून. वऱ्हाडसाठी १८९६ व त्यानंतर १९२८ साली स्वतंत्र जमीन महसूल कायदे झाले. सारांश, अकृषिक परवानगीचा उगम शेतजमीन वाचविण्याच्या हेतूतून नव्हे, तर महसूल वाचविण्याच्या हेतूतून झाला. ही गोष्ट लक्षात ठेवल्यास पुढील इतिहास समजणे सोपे जाते.

केळापूर तालुका त्या वेळी वणी (वून) जिल्ह्यात होता. १९०५ च्या पुनर्रचनेनंतर या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. या भागात पडीत व जंगलव्याप्त जमीन विपुल होती. ती लागवडीखाली आणण्यासाठी १८६५ च्या नियमांन्वये मोठमोठे टापू इजाऱ्याने दिले गेले. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावांत 'इजारा' हा शब्द आजही टिकून आहे. इजारदार बहुधा बाहेरचा आणि भांडवल असलेला असे. जंगल तोडून शेत तयार करणारा हात मात्र पुष्कळदा गोंडाचा वा कोलामाचा असे. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने इजारदारी संपुष्टात आली. तथापि जमीन कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचे, हा या भागाचा जुना अनुभव त्याबरोबर संपला नाही.

जिनिंग : तालुक्याचा पहिला लघुउद्योग

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला मागणी वाढली आणि १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. कापूसपट्ट्यात जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने त्यानंतर पसरत गेले. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजाराचे नियमन झाले. १९२५ च्या कायद्याने जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांवर नोंदवह्या, गाठींवरील खुणा व इमारतीची रचना यांबाबत अटी घातल्या. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद लोहमार्ग सुरू झाला, परंतु केळापूर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. येथील कापसाला दीर्घकाळ बैलगाडीचाच आधार होता.

जिनिंग हा उद्योग शेतीच्या पोटातून जन्मलेला आहे. कापसातून सरकी वेगळी करावयाची आणि रुईच्या गाठी बांधावयाच्या, एवढेच त्याचे काम. यंत्रांसाठी लागणारी जागा फार नसते. परंतु कापसाच्या गंजी लावण्यासाठी, गाड्या उभ्या करण्यासाठी आणि आगीच्या भीतीने गंजीगंजींत अंतर राखण्यासाठी मोठे पटांगण लागते. गावठाणात एवढी मोकळी जागा मिळणे कठीण. त्यामुळे जिनिंगसाठी गावालगतचे, रस्त्याकडेचे शेत घेतले जाते. हंगाम चार-सहा महिन्यांचा आणि जागा मात्र बारमाही अकृषिक, असे या उद्योगाचे स्वरूप आहे.

१९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. योजनेच्या काळात जिनिंगवाल्याचे काम मुख्यतः महासंघासाठी प्रक्रिया करून देण्याचे राहिले. २००० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला साहाय्य मिळाले. एकाधिकार शिथिल झाल्यावर खासगी खरेदी वाढली. महामार्गाकडेच्या शेतांचे आकर्षण या सर्व घडामोडींनी वाढविले.

१९६६ ची संहिता आणि १९७४ ची तारीख

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिच्या कलम ४२ व ४४ अन्वये शेतजमिनीच्या अकृषिक वापरास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक ठरली. याच वर्षीच्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने नगरांसाठी विकास योजना, वापर विभाग आणि हरकती-सूचना यांची पद्धत घालून दिली. १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाने शासनाने जमीन संपादन करून औद्योगिक क्षेत्रे वसविण्याचा तिसरा मार्ग उघडला होता. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळ कायद्याने बिगर शेतकऱ्यास शेतजमीन विकण्यावर बंधन होतेच.

केळापूरच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे कायदे १९७४ चे आहेत. येथे एक बाब नमूद केली पाहिजे. विदर्भातील अनुसूचित जमातींची यादी पूर्वी क्षेत्रबंधनासह होती. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ या तालुक्यांचाच तीत समावेश होता. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या केंद्रीय कायद्याने उठले. म्हणजेच केळापूरच्या आदिवासींना अनुसूचित जमातीचा दर्जा नंतर मिळालेला नाही, तो आरंभापासूनचा आहे. १९८५ च्या अनुसूचित क्षेत्रे (महाराष्ट्र) आदेशाने तालुक्यातील अनेक गावे पाचव्या अनुसूचीखाली आली.

१९७४ च्या दुरुस्तीने महसूल संहितेत कलम ३६-अ दाखल झाले. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्रीने जाण्यासाठी शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आवश्यक झाली. सोबतच्या जमीन प्रत्यार्पण कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी मूळ आदिवासीस परत मिळण्याची सोय केली. आदिवासीने जमीन स्वतः कसण्याची हमी द्यावयाची आणि आकारणीच्या ४८ पट रक्कम व सुधारणांचे मूल्य द्यावयाचे, अशा अटी होत्या. लिंगप्पा पोचन्ना खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. दुर्बलाकडून सबलाकडे गेलेली जमीन परत फिरविणारा हा कायदा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मोलाचा आहे.

परंतु त्यात एक अपवाद आहे आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. ६ जुलै १९७४ रोजी वा तत्पूर्वी जी जमीन अकृषिक वापरात आणली गेली असेल, ती प्रत्यार्पणास पात्र नाही. दोन आदिवासी भावांनी १९६५ च्या सुमारास आपली शेजारशेजारची शेते विकली अशी कल्पना करावी. एका शेतात घेणाऱ्याने कापूस पेरला, दुसऱ्यात जिनिंगचे पटांगण केले. पहिल्या भावास जमीन परत मागता येते, दुसऱ्यास येत नाही. दोघांची अडचण एक, व्यवहार एक, काळही एक. फरक पडला तो घेणाऱ्याने जमिनीचे काय केले यामुळे. महसुलाच्या सोयीसाठी निर्माण झालेला 'शेती' व 'अकृषिक' हा भेद येथे न्यायाची सीमारेषा ठरला. पुढे तो कारखाना बंद पडला आणि जागेवर भूखंड पडले, तरी मूळ खातेदाराचा हक्क जिवंत होत नाही.

या अपवादामागे तर्क नव्हता असे नाही. उभा कारखाना पाडून तेथे पुन्हा शेत करणे व्यवहार्य नाही, त्यावर कामगारांची रोजी अवलंबून असते, ही बाब मान्य केली पाहिजे. पण जमीन परत देता येत नाही म्हणून मोबदल्याचाही विचार करू नये, हे त्यातून निष्पन्न होत नाही.

परवानगीकडून आराखड्याकडे

१९९१ नंतरच्या उदारीकरणाचे पडसाद महसूल कायद्यातही उमटले. १९९४ साली संहितेत कलम ४४-अ आले. औद्योगिक विभागातील, तसेच जेथे कोणतीही योजना लागू नाही अशा क्षेत्रातील जमिनीच्या खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही, केवळ विहित मुदतीत तहसीलदारास कळविणे पुरेसे झाले. त्याच सुमारास कूळ कायद्यांत दुरुस्ती होऊन उद्योगासाठी बिगर शेतकऱ्यास १० हेक्टरपर्यंत शेतजमीन परवानगीवाचून खरेदी करता येऊ लागली. त्या जमिनीवर १५ वर्षांत उद्योग सुरू न झाल्यास मूळ विक्रेत्यास ती त्याच किमतीत परत घेण्याचा हक्क ठेवला गेला. २०१६ मध्ये ही मुदत ५ वर्षांवर आणली गेली व शुल्क भरून ती वाढविण्याची सोय झाली. आदिवासींच्या जमिनीला कलम ३६-अ चे संरक्षण मात्र कायम राहिले. १९७४ च्या कायद्याने जे केले नव्हते ते १९९४ च्या दुरुस्तीने मर्यादित अर्थाने केले. वापर बदलला तरी मूळ मालकाचा धागा पूर्णतः तुटत नाही, हे तत्त्व तिने मान्य केले.

२०१४ नंतर कलम ४२-अ ते ४२-ड या तरतुदी टप्प्याटप्प्याने आल्या. विकास योजनेत वा प्रादेशिक योजनेत जमिनीचा विभाग ठरला असेल तर त्या वापरासाठी स्वतंत्र अकृषिक परवानगीची आवश्यकता उरली नाही. कार्यालयीन विलंब व त्यातून उद्भवणारे गैरप्रकार यांना यामुळे आळा बसतो, हे नाकारता येणार नाही. पण त्याबरोबर निर्णयाचे स्थान बदलले. पूर्वी एकेका गटाचा विचार होई, शेजाऱ्याची हरकत ऐकली जाई, मालकीची छाननी होई. आता शेताचे भवितव्य नकाशावरील रंगाने ठरते. योजनेत किरकोळ फेरबदल करून शेती विभागातील जमीन औद्योगिक विभागात घेता येते. राजपत्रातील व वृत्तपत्रातील सूचनेवर हरकत नोंदविणे हा शेतकऱ्यास उपलब्ध असलेला मार्ग आहे. महामार्गापासून दूर असलेल्या कोलाम पोडावर ही सूचना कितपत पोहोचते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावा.

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभा हे दुसरे संरक्षण आहे. १९९६ च्या पेसा कायद्याची नियमावली महाराष्ट्रात २०१४ साली आली. २०१६ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणापूर्वी ग्रामसभेची मान्यता आवश्यक केली. पुढे काही महत्त्वाच्या शासकीय प्रकल्पांपुरती ती अट शिथिल झाली. तथापि ग्रामसभा ही ग्रामपंचायतीच्या क्षेत्रातच असते. पांढरकवड्यासारख्या नगर परिषदेच्या हद्दीत ती नाही. अनुसूचित क्षेत्रातील नगरपालिकांसाठीचे विधेयक २००१ साली संसदेत मांडले गेले, ते कायद्यात रूपांतरित झाले नाही. परिणामी, उद्योगासाठी जमिनीची मागणी जेथे सर्वांत अधिक, त्या नगरालगतच्या जमिनी हद्दवाढीत आल्या की ग्रामसभेचे छत्र गमावतात.

निष्कर्ष

१) अकृषिक परवानगीची पद्धत महसुलासाठी जन्मली. शेतकऱ्याचे संरक्षण हे तिचे मूळ प्रयोजन नव्हते, ते पुढे तिच्यावर सोपविले गेले.
२) केळापूर तालुक्यात जिनिंग हा शेतीस पूरक उद्योग आहे. त्यास जागा मिळू नये असे म्हणणे कापूस उत्पादकाच्याच हिताविरुद्ध ठरेल. प्रश्न उद्योग असावा की नसावा हा नसून, जमीन देणाऱ्याचे स्थान काय हा आहे.
३) १९७४ च्या कायद्यातील अकृषिक वापराच्या अपवादामुळे वापरातील बदल हा मालकीच्या वादावरचा अंतिम पडदा ठरला. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनींचा नव्याने वापर ठरविताना तरी जुन्या फेरफार नोंदी तपासून मूळ आदिवासी खातेदाराच्या वारसांचा विचार व्हावा.
४) निर्णय परवानगीकडून आराखड्याकडे सरकल्यामुळे हरकती-सूचनांची प्रक्रिया हाच खरा दरवाजा उरला आहे. आराखड्याचे वाचन वाड्या व पोडांवर, लोकांना समजेल अशा भाषेत झाले पाहिजे.

पांढरकवड्याच्या आसपासच्या जमिनींचे जुने फेरफार, इजाऱ्याचे कागद आणि अकृषिक सनदा हे इतिहासाचे अस्सल साधन आहे. तालुक्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकडून गावनिहाय नोंदी संकलित करून घेतल्या, तर कायद्याच्या कलमांमागे कोणाचे शेत होते हे सांगता येईल. त्या नोंदींत दुसऱ्या भावाचे नावही कोठेतरी सापडेल.