कापूस गेला त्या रस्त्याने: बुलढाण्याहून एका प्रदर्शनासाठी मुंबई

आजचा भाग थोडा फिरायचा आहे, त्यामुळे चालता चालता ऐकलात तर उत्तम. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखं सगळं इथे लिहून टाकलंय.

विषय असा की समकालीन कलेचं एखादं प्रदर्शन बघायचं म्हणून बुलढाण्याहून मुंबईला जायचं. आपल्याकडून माणूस मुंबईला कशासाठी जातो? दवाखाना, इंटरव्ह्यू, नाहीतर कुणाचं तरी लग्न. चित्रं बघायला कुणी जात नाही. घरी मी हा बेत सांगितला तेव्हा काका म्हणाले, "फक्त चित्रं पाहाले येवढ्या दूर चालला? मोबाईलवर दिसत नाई का तुले?"

काकांचा प्रश्न मला आवडला, कारण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. ती काचेच्या दारामागची थंडगार गॅलरी, ते इंग्रजी बोलणारे लोक, पांढऱ्या भिंतीवरची न समजणारी चित्रं. ते सगळं आपल्यासाठी आहे का? मी सॉफ्टवेअरवाला माणूस, कलेतली पदवी माझ्याकडे नाही. पण एखादी सिस्टीम समजत नसेल तर आम्ही तिच्या जुन्या नोंदी उघडतो. इथेही तेच केलं. आणि त्या नोंदींत वऱ्हाडचं नाव वारंवार सापडलं.

आधी रस्ता बघू

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मोताळ्यावरून मलकापूर गाठायचं आणि रात्रीची गाडी पकडायची. घाटाखालच्या लोकांना शेगाव किंवा जलंब जवळ. सकाळी डोळे चोळत तुम्ही सीएसएमटीला उतरता.

हा लोहमार्ग आपल्या सोयीसाठी टाकलेला नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची ही लाईन १८६७ साली नागपूरपर्यंत पोचली. तिच्यामागचं मोठं कारण होतं वऱ्हाडचा कापूस. इंग्लंडमधल्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो बैलगाड्यांवरून मुंबईच्या बंदरात न्यायला फार वेळ लागायचा. खामगाव ही तेव्हा वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत एक छोटा फाटा काढला गेला आणि १८७० साली त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. विचार करा, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय आपल्या जिल्ह्यात आला तो कापसाच्या गाठींसाठी! लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' असं व्यापारी नाव होतं.

आता मुंबईच्या टोकाला काय चाललं होतं बघा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. तिथला कापूस इंग्लंडला जाणं जवळपास थांबलं आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. शहरात पैशाचा पूर आला. युद्ध संपलं, भाव कोसळले, कित्येकांचं दिवाळं निघालं, पण शहराची नवी घडण सुरू झाली होती. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात मुंबईच्या किल्ल्याची जुनी तटबंदी पाडली आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मोठमोठ्या इमारती उठल्या. कापसाच्या व्यापारात नाव काढलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या पैशातून राजाबाई टॉवर उभा राहिला, तो १८७८ साली पूर्ण झाला. डेव्हिड ससून लायब्ररीची इमारत १८७० ची.

सगळा पैसा काही कापसाचा नव्हता हेही सांगायला हवं. चीनला जाणाऱ्या अफूचा त्यात मोठा वाटा होता. आणि वऱ्हाडातल्या ज्या शेतकऱ्याने कापूस पिकवला, त्याच्या नावाची पाटी यातल्या एकाही इमारतीवर नाही.

तटबंदी पाडून झालेल्या याच भागाला आज आपण काळा घोडा म्हणतो. तिथल्या एका रस्त्याचं जुनं नाव होतं रॅम्पार्ट रो, म्हणजे चक्क तटाची ओळ. आज तो के. दुभाष मार्ग. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काळा घोडा, पण घोडा कुठाय?

हा घोडा म्हणजे सातवा एडवर्ड युवराज असतानाचा त्याचा अश्वारूढ पुतळा. १८७९ साली तो इथे बसवला, खर्च अल्बर्ट ससून यांचा. १९६५ साली तो हलवला गेला. राजा गेला, घोडा गेला, नाव मात्र लोकांनी सोडलं नाही. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, पण पाठीवर स्वार नाही. मला हे फार आवडतं. त्या घोड्यावर आता कुणाचीच मालकी नाही.

जुना पुतळा भायखळ्याला आहे, राणीच्या बागेत. त्या बागेचं आजचं नाव काय? वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. म्हणजे सिंदखेडराजाच्या लेकीच्या नावाची बाग! त्याच आवारात १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. जुन्या मुंबईच्या वस्तूंसोबत तिथे आजच्या कलाकारांची प्रदर्शनंही लागतात. बुलढाण्याच्या माणसाला इथे परकं वाटायचं कारणच काय?

सहा जण, आणि त्यात दोन नागपूरचे

समकालीन कला मुंबईत आली कुठून, हे कळायला १९४७ साली जावं लागतं. त्या वर्षी सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौलाजी आरा, सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे.

यांची पार्श्वभूमी बघा. सूझा गोव्याचे, 'भारत छोडो'च्या काळात जे. जे. स्कूलमधून काढून टाकलेले. हुसेन सिनेमाचे फलक रंगवायचे. आरा गाड्या पुसायचे, घरगडी म्हणून काम करायचे, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. बाकरे शिल्पकार.

आणि उरलेले दोघे? रझांचा जन्म मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातला, वडील वनखात्यात. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि मग मुंबईला आले. गाडे तर थेट आपल्या वऱ्हाडचे, १९१७ साली अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावात जन्मलेले. नागपुरात आधी विज्ञान शिकले, मग चित्रकला. म्हणजे सहापैकी एक जण बीएससी झालेला वऱ्हाडी माणूस! आपण इंजिनिअरिंग केलं, आपल्याला चित्रातलं काय कळणार, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

१९५० साली या मंडळींत वासुदेव गायतोंडे आले. कुटुंब गोव्याचं, पण जन्म १९२४ चा, नागपूरचा. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं.

तेव्हा बुलढाणा आणि नागपूर दोन्ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडमध्ये होते. आपली राजधानी नागपूर होती, मुंबई नव्हती. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण चित्रं काढणारे तरुण त्याआधीच तीच रेल्वे पकडून मुंबईला जात होते. कारण जे. जे. तिथे होतं १८५७ पासून, आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून. चित्र शिकायचं नागपुरात, पण दाखवायचं आणि विकायचं मुंबईत.

ग्रुपचं पहिलं प्रदर्शन १९४९ साली भरलं, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात. पत्ता? रॅम्पार्ट रो. उद्‌घाटन लेखक मुल्कराज आनंद यांनी केलं. पाठीशी उभे राहणाऱ्यांत नाझी छळामुळे युरोपातून मुंबईत आलेले लोकही होते: वॉल्टर लांगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर. आपलं गाव सोडून आलेल्यांनी आपलं गाव सोडून आलेल्यांना हात दिला.

प्रदर्शनासाठी केलेला एक प्रवास

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. १९४८ साली हुसेन आणि सूझा मुंबईहून दिल्लीला गेले, एक प्रदर्शन बघायला. लंडनच्या रॉयल अकॅडमीत भरलेलं भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन परत आलं होतं आणि ते दिल्लीत गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात मांडलं होतं. मथुरेची शिल्पं, गुप्तकाळातल्या मूर्ती, बसोलीची लघुचित्रं, सगळं एका छताखाली. यातूनच पुढे १९४९ साली राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं.

हुसेन तिथून बदलून आले. मूर्तींच्या शरीराची लय आणि बसोलीचे ते भडक, सपाट रंग त्यांच्या चित्रांत उतरले, ते कायमचे. मूर्तींचे फोटो तेव्हाही पुस्तकांत होतेच. पण दगडाचं वजन आणि रंगाची खरी धग छापील पानावर येत नाही.

आज आपल्याकडे सहा इंचांची स्क्रीन आहे. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. फोनवर तुम्हाला एक पिवळा चौकोन दिसतो. समोर उभं राहिलात तर थरांच्या आतून उजेड येतोय असं वाटतं. फोटो लहान करताना जी माहिती उडते, नेमकी तीच ते चित्र असते.

तर मग बेत कसा आखायचा?

एक: शहर नंतर, प्रदर्शन आधी. बघायचं प्रदर्शन ठरवा, त्याची शेवटची तारीख बघा आणि मगच रिझर्व्हेशन काढा. जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं साधारण आठवडाभराचीच असतात.

दोन: वार बघा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड बुधवारी बंद, खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद. म्हणून शनिवार सगळ्यात बरा. दुरुस्तीसाठी काही बंद नाही ना, हे निघण्याआधी फोन करून विचाराच.

तीन: गाडी सकाळी लवकर पोचते, गॅलऱ्या अकराच्या आसपास उघडतात. मधल्या वेळात नाश्ता करा आणि सीएसएमटीहून चालत निघा. जे. जे. चा परिसर स्टेशनला लागूनच आहे. काळा घोडा रमतगमत अर्ध्या तासावर.

चार: सुरुवात जहांगीरपासून करा. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. तिकीट नाही, दार सगळ्यांना उघडं. आणि मोठी गोष्ट म्हणजे चित्रकार बहुतेक वेळा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. मराठीत विचारा, "हे कसं केलंत?" कलाकाराला याहून आवडता प्रश्न नसतो.

पाच: मग चौकापलीकडचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. इमारत १९११ ची, जॉर्ज विटेटची, पूर्वीचा कावसजी जहांगीर हॉल. १९९६ पासून तिथे संग्रहालय आहे. तिकीट नाममात्र. अर्धगोल जिने चढत घुमटाखाली पोचलात की पाय दुखतात, पण वर जाच.

सहा: एका दिवसात तीनपेक्षा जास्त ठिकाणं नकोत. प्रत्येक प्रदर्शनात एकच चित्र निवडा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं थांबा, फोन खिशात ठेवून. नाही समजलं तर नाही समजलं. एखादं गाणं ऐकताना आपण प्रत्येक सुराचा अर्थ विचारतो का?

भायखळा दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, परतीच्या गाडीआधी.

खर्चाचं म्हणाल तर स्लीपरचं जाण्यायेण्याचं तिकीट, एका रात्रीची राहायची सोय आणि खाणं. गॅलऱ्यांचा खर्च जवळपास शून्य. दारावरचा सुरक्षारक्षक बॅग तपासेल, पण गाव विचारणार नाही. आणि विचारलंच तर सांगा, बुलढाणा. कापसाच्या गाठी पाठवल्या त्याला दीडशे वर्षं झाली, चित्रकार पाठवले त्याला पाऊणशे झाली. आता बघायलाही आपणच जायचं.

तुमच्या तालुक्यातून कुणी चित्रकार मुंबई-पुण्याला गेलेला तुम्हाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा. अशा माणसांवर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात!