मदरबोर्डची निवड : संगणकाचा पाया भक्कम हवा

सुटे भाग निवडून संगणक जोडून घेण्याचे ठरले की प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांवर बराच खल होतो. मदरबोर्ड मात्र बहुधा शेवटी, उरलेल्या पैशांत बसेल तो निवडला जातो. हा क्रम महागात पडू शकतो. रॅम पुढे वाढवता येते, हार्ड डिस्क बदलता येते. मदरबोर्ड बदलायचा म्हटला तर संपूर्ण संगणक उलगडावा लागतो. पाच-सहा वर्षांनी जुन्या प्रोसेसरला जुळणारा नवा बोर्ड मिळेलच याचीही खात्री नसते. विंडोजचा ओईएम परवानादेखील साधारणपणे मूळ मदरबोर्डशीच बांधलेला असतो. म्हणूनच बोर्ड घेताना आजच्या वेगापेक्षा पुढील काही वर्षांत तो काय काय सामावून घेईल, याचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

सॉकेट कोणते?

प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो ते सॉकेट. इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डावर बसत नाही, हे सर्वज्ञात आहे. परंतु एकाच कंपनीची दोन सॉकेटही परस्परांना चालत नाहीत. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट २०२१ मध्ये आले. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर त्यावर चालतात. २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ आले आणि जुन्या बोर्डांची वाढ तेथेच थांबली.

एएमडीचा अनुभव वेगळा आहे. २०१७ मध्ये रायझेन प्रोसेसर एएम४ सॉकेटवर आले. त्या वेळच्या अनेक बोर्डांवर केवळ बायोस अद्ययावत करून २०२२ मधील रायझेन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. २०२२ मध्येच एएम५ हे नवे सॉकेट आले आणि त्याला किमान २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. दोन-तीन वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलण्याचा बेत असेल, तर सॉकेटचे आयुष्य हा निर्णायक मुद्दा ठरतो. संगणक घेऊन तो थकेपर्यंत तसाच वापरायचा असेल, तर या मुद्द्याला फारसे महत्त्व उरत नाही.

डीडीआर४ की डीडीआर५?

एका बोर्डावर यांपैकी एकाच प्रकारची रॅम बसते. दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी त्यांची खाच वेगळ्या जागी असते. एएम५ आणि एलजीए १८५१ या सॉकेटांचे बोर्ड डीडीआर५ रॅमचेच असतात. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत निघाले. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या. त्यामुळे जुन्या संगणकातील चांगली डीडीआर४ रॅम हाताशी असल्यास ती सामावून घेणारा बोर्ड निवडणे ही मोठी बचत ठरू शकते.

रॅमचे स्लॉट दोन की चार, हेही पाहावे. दोन स्लॉटांच्या बोर्डावर ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या, तर पुढे रॅम वाढवताना त्या काढूनच टाकाव्या लागतात. मात्र डीडीआर५ च्या चारही पट्ट्या बसवल्यास रॅमचा वेग बराच खाली आणावा लागतो, हे लक्षात ठेवावे.

नावातील अक्षरांचा अर्थ

बोर्डाच्या नावात चिपसेटचा क्रमांक असतो. इंटेलमध्ये एच६१० किंवा एच८१० हे प्राथमिक, बी७६० किंवा बी८६० हे मधले आणि झेड७९० किंवा झेड८९० हे वरचे चिपसेट. प्रोसेसरचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याची, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंगची पूर्ण सोय फक्त झेड मालिकेत असते. तीही ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरसाठी. साधा प्रोसेसर घेऊन झेड मालिकेचा बोर्ड घेतला, तर त्या सोयीचे पैसे वाया जातात.

एएमडीमध्ये ए, बी आणि एक्स अशी चढती श्रेणी आहे. बी६५० आणि बी८५० यांवर ओव्हरक्लॉकिंग करता येते. बी८४० वर मात्र प्रोसेसरसाठी ही सोय नाही. एका आकड्याच्या फरकाने फसगत होऊ नये, म्हणून बिलावरील पूर्ण नाव वाचून पाहावे.

वीजपुरवठा : न दिसणारा फरक

स्वस्त आणि चांगल्या बोर्डातील खरा फरक येथे असतो. एसएमपीएसकडून १२ व्होल्टचा पुरवठा येतो. प्रोसेसरला लागतो साधारण १ ते १.४ व्होल्ट. हे रूपांतर बोर्डावरील व्हीआरएम हे मंडल करते. १.२ व्होल्टवर १२० वॅट खाणारा प्रोसेसर १०० अँपिअर प्रवाह ओढतो. घरातील गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, यावरून या छोट्या मंडलावरील ताणाची कल्पना यावी.

प्रोसेसरच्या माहितीपत्रकातील पहिला आकडा येथे दिशाभूल करतो. कोअर आय५-१२४०० ची मूळ शक्ती ६५ वॅट सांगितली जाते, पण वेग वाढताना ती ११७ वॅटपर्यंत जाऊ शकते. कोअर आय९-१४९००के मध्ये हेच आकडे १२५ आणि २५३ वॅट आहेत. व्हीआरएम दुबळे असेल तर ते तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करते. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. चित्रफीत तयार व्हायला अधिक वेळ लागतो, इतकेच. महागड्या प्रोसेसरचे पैसे मोजून मध्यम प्रोसेसरचे काम पदरात पडते आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, हा धोका अधिकच वाढतो.

खोक्यावरील ‘फेज’च्या संख्येवर विसंबू नये, प्रत्येक कंपनी त्या वेगळ्या रीतीने मोजते. व्हीआरएमवर भरीव हीटसिंक आहे का, हे पाहावे आणि त्याच बोर्डाच्या तापमानाच्या स्वतंत्र चाचण्या वाचाव्यात. कार्यालयीन कामासाठीच्या साध्या प्रोसेसरला प्राथमिक बोर्ड पुरतो. आठ किंवा अधिक गाभ्यांच्या प्रोसेसरला तो देऊ नये.

आकार आणि स्लॉट

इंटेलने १९९५ मध्ये आणलेला एटीएक्स हा आकार ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा आहे. मायक्रो-एटीएक्स कमाल २४४ मिलिमीटर चौरस, तर व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणलेला मिनी-आयटीएक्स १७० मिलिमीटर चौरस असतो. एकच ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्या घरगुती ग्राहकाला मायक्रो-एटीएक्स बहुधा पुरेसा होतो. कॅबिनेट त्या मापाचे आहे ना, हे आधी तपासावे.

एसएसडीसाठी एम.२ चे निदान दोन स्लॉट असावेत. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरताच साटाचे एखादे पोर्ट बंद होते. ही गोष्ट जाहिरातीत नसते; ती कंपनीच्या संकेतस्थळावरील माहितीपुस्तिकेत सापडते.

बायोस आणि कंपनीची निगा

२०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे उघड झाले. कंपनीने हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला. सुधारणा मात्र मदरबोर्डच्या नव्या बायोसमधूनच ग्राहकापर्यंत पोहोचली. २०२३ मध्ये रायझेन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतरही बायोसमधूनच व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घालण्यात आली. म्हणून बोर्ड घेण्यापूर्वी त्या कंपनीच्या जुन्या बोर्डांसाठी अद्यापही नवे बायोस येतात का, हे संकेतस्थळावर पाहावे. प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याची ‘फ्लॅशबॅक’ सोय असल्यास उत्तम. दुकानात बराच काळ पडून राहिलेला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नसेल, तर तीच उपयोगी पडते.

दुकानात घ्यायची काळजी

मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा घरबसल्या मागवा, जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि त्यावर बोर्डाचा अनुक्रमांक असावा. सॉकेटवरील प्लॅस्टिकचे झाकण उघडून पिना सरळ आहेत ना, हे दुकानदारासमोरच पाहावे. वाकलेल्या पिना हमीत बसत नाहीत आणि त्या कोणाकडून वाकल्या हे नंतर सिद्ध करता येत नाही. झाकण जपून ठेवावे. बोर्ड दुरुस्तीला देताना ते लागते. ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, त्यामुळे त्याच्यासोबत बोर्डावरील एचडीएमआय पोर्टचा उपयोग होत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

रंगीत दिवे, चिलखतासारखी आवरणे आणि ‘गेमिंग’ हा शब्द यांमुळे किंमत वाढते, क्षमता वाढतेच असे नाही. प्रोसेसरला पेलणारे व्हीआरएम, पुरेसे स्लॉट आणि नियमित बायोस या तीन गोष्टींची खात्री झाल्यावर पैसे उरले, तर ते रॅम किंवा एसएसडीवर खर्च करावेत.