मिठातलं आयोडीन आलं कुठून?

समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पेण-उरणकडची मिठागरं पाहिलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? प्रत्यक्षात समुद्राच्या पाण्यात ते अगदी नगण्य असतं, आणि मीठ पिकताना खड्यात तर जवळजवळ उतरतच नाही. समुद्राचं आयोडीन साठतं शेवाळात आणि मासळीत. पुडीतलं आयोडीन माणसाने वरून घातलेलं आहे.

ते घालण्यामागचं कारण गलगंड, म्हणजे गळ्याची सूज. हा रोग सुश्रुतालाही ठाऊक होता. युरोपात त्यावर स्पंजाची राख देत. का गुण येतो, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. १८११ साली फ्रान्समध्ये बेर्नार कुर्त्वा तोफांच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवायला समुद्रशेवाळाची राख वापरत होता. एकदा त्या राखेत गंधकाम्ल जरा जास्तच पडलं आणि जांभळी वाफ उठली. थंड होताच तिचे काळसर, चमकदार स्फटिक झाले. जांभळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला आयोडीन हे नाव मिळालं. स्पंजाच्या राखेतही औषध हेच असावं, असा अंदाज जिनिव्हाच्या क्वान्दे या डॉक्टरांनी बांधला आणि १८२० मध्ये ते रोग्यांना दिलं. गाठी उतरल्या. मग लोक हवं तितकं घेऊ लागले, छाती धडधडू लागली, माणसं वाळू लागली आणि औषध बदनाम झालं.

म्हणजे प्रश्न मात्रेचा होता. रोज, चिमटीच्याही हजाराव्या भागाइतकं, सगळ्यांना कसं द्यायचं? दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत फिरलेल्या बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३०च्या दशकातच उत्तर सुचवलं होतं: काही ठिकाणच्या मिठात आयोडीन आहे, तेच सगळीकडे वाटा. कुणी मनावर घेतलं नाही. गलगंडात सुजणाऱ्या थायरॉइड ग्रंथीत आयोडीन असतं, हे बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवायला १८९५ उजाडलं. पुढे अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी, मरीन आणि किंबल या संशोधकांनी शाळकरी मुलींना आयोडीन दिलं. घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २,३०५ पैकी ४९५ जणींची. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका परगण्यात आणि १९२४ मध्ये मिशिगनमध्ये आयोडीनचं मीठ दुकानात आलं.

मीठच का? ते गरीब-श्रीमंत सगळे खातात, रोज साधारण तेवढंच खातात आणि जास्त झालं तर जीभच थुंकायला लावते. मात्रा सांभाळणारा याहून स्वस्त कंपाउंडर मिळणं कठीण.

आपल्याकडची गोष्ट सुरू होते कांगडा खोऱ्यात. हिमालयाच्या मातीतलं आयोडीन बर्फाने आणि पुरांनी धुऊन नेलेलं. तिथे नुसते गळेच सुजत नव्हते. आईच्या पोटात आयोडीन कमी पडलेली काही मुलं मुकी-बहिरी, मंदबुद्धी जन्मत होती. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. एकात साधं मीठ दिलं, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडाइड घातलेलं, तिसऱ्यात पोटॅशियम आयोडेट घातलेलं. आयोडीनवाल्या दोन्ही भागांत गलगंड ओसरला. आपल्या दमट हवेत, ओलसर जाड्या मिठात आयोडेटच टिकतं, म्हणून आजही तेच वापरतात. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

पुढची ओढाताण सक्तीची. आयोडीनविरहित मीठ खाण्यासाठी विकायला १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. मीठ आणि सक्ती हे शब्द एकत्र आले की दांडी आठवायचीच. छोट्या मिठागरवाल्यांची तक्रारही खोटी नव्हती: आयोडेट फवारायचं यंत्र आणि पॅकिंग त्यांनी आणायचं कुठून? तरीही कांगड्यातली मुलं डोळ्यांपुढे आणली की मला बंदीच्याच बाजूने बोलावंसं वाटतं.

आता हिशोब पाहा. घरी पोचणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्लं, तर १५० मायक्रोग्रॅम मिळतं. मोठ्या माणसाची गरज नेमकी तेवढीच. पण रक्तदाबापायी जागतिक आरोग्य संघटना सांगते, मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा. मग उरतात ७५. बाकीचं कोकणात मासळीतून निघेल. कांगड्यात बोंबील कोण नेऊन देणार?