तळ्याकाठचं पॅलेस्टाइन

मंडळी, मागच्या वेळी आपण फ्रोबेलचे लाकडी ठोकळे पाहिले. मूल हातांनी शिकतं, हे त्याचं म्हणणं. आज प्रश्न असा घेऊ, की त्या हातांत खेळायला दिलेली गोष्ट धर्मग्रंथातली असेल तर मूल नेमकं काय शिकतं?

थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडात ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सनं 1780 मध्ये रविवारची शाळा काढली. सहा दिवस कामाला जुंपलेली गरीब मुलं सातव्या दिवशी बायबलवरून वाचायला शिकायची. पुढे अमेरिकेत या शाळांमध्ये पाठांतराचा बाजार भरला. इतकी वचनं पाठ केली की एक तिकीट, आणि पुरेशी तिकिटं जमली की बायबल बक्षीस. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर, 1876 चा, आठवतो ना? तो मित्रांशी अदलाबदल करून तिकिटं जमवतो, बायबल पटकावतो, आणि येशूचे पहिले दोन शिष्य कोण असं विचारल्यावर सांगतो, डेव्हिड आणि गोलिएथ! घोकंपट्टीवर याहून नेमकी टीका मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत सापडलेली नाही.

जॉन हेल व्हिन्सेंट हा मेथडिस्ट पाद्री या घोकंपट्टीच्या पलीकडे जाऊ पाहत होता. 1850 च्या दशकात न्यू जर्सीत तो 'पॅलेस्टाइन वर्ग' भरवायचा. मुलांनी नकाशे काढायचे, गावं-डोंगर ओळखायचे. मूल आधी 'यात्रेकरू' आणि बढती मिळत मिळत पुढे 'यरुशलेमचा रहिवासी'. गंमत म्हणजे तेव्हा खुद्द व्हिन्सेंटनं तो देश पाहिलेला नव्हता. तिकडे तो गेला 1860 नंतर.

मग 1874 चा ऑगस्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या शटाक्वा तळ्याच्या काठी, व्हिन्सेंट आणि लुइस मिलर यांनी रविवारच्या शाळांच्या शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचं शिबिर भरवलं. मिलर म्हणजे अॅक्रनचा शेतीयंत्रांचा कारखानदार, पुढे एडिसनचा सासरा. तिथे काठावरच मातीचा एक देश उभा केला: डोंगर, जॉर्डन नदी, मृत समुद्र, इवलंसं यरुशलेम. भूमध्य समुद्र कुठून आणायचा? तळं होतंच की शेजारी.

आपल्याला हे अनोळखी वाटायला नको. दिवाळीत चिखल कालवून किल्ला केलेला नाही असा तुमच्यात कोण आहे? मीही वाड्याच्या अंगणात केलाय; हाताला माती लागली की तो इतिहास आपला होतो. व्हिन्सेंटलाही तेच साधायचं होतं. बायबलातलं गाव खरोखरचं आहे, ते अमुक डोंगराच्या अल्याड आहे, हे मुलाच्या पायांना कळलं पाहिजे.

पण इथे दोन अडचणी आहेत. पहिली हसण्यासारखी. खऱ्या पॅलेस्टाइनच्या पश्चिमेला समुद्र. शटाक्वाची वस्ती तळ्याच्या पश्चिम काठावर, म्हणजे पाणी पूर्वेला. त्यामुळे सगळा देशच फिरवून ठेवावा लागला आणि तिथला सूर्य भूमध्य समुद्रातून उगवतो! ही चूक मी सहज माफ करतो. मुलं अशा गोष्टी लगेच समजून घेतात.

दुसरी मात्र मला बोचते. त्या प्रतिकृतीत बायबलच्या काळातली गावं होती. 1874 साली तो मुलूख तुर्की साम्राज्यात होता, तिथे माणसं शेती करत होती, जैतून काढत होती, बाजार भरवत होती. त्यांच्यापैकी कुणी त्या मातीत नव्हतं. शटाक्वाला पूर्वेकडचा पोशाख चढवून लोक वावरायचे, व्याख्यानंही द्यायचे, पण ते सोंग प्राचीन काळ रंगवायला. पुस्तकात जे गाळलंय त्याबद्दल मूल विचारू शकतं. खेळात गाळलेलं त्याच्या लक्षातच येत नाही, कारण समोर अख्खा देश दिसत असतो.

आणि म्हणून मला आपला तो किल्लाच बरा वाटतो. वर महाराज बसलेले, पायथ्याशी मावळे, आणि मावळ्यांच्या शेजारी कुणीतरी प्लॅस्टिकचा बंदूकवाला, एखादी लाल बस, गेल्या वर्षीची उरलेली गाय ठेवून दिलेली असते. कुणी मोठं माणूस म्हणत नाही की ही बस काढ. शटाक्वाला सगळं मोजूनमापून केलेलं. मुलानं आपली बस कुठे ठेवायची?

ते पॅलेस्टाइन तळ्याकाठी आजही आहे. लोक मार्गदर्शकाबरोबर त्यातून फिरतात. जॉर्डन एका ढांगेत ओलांडता येते.